'माहीत नव्हतं' हे कधीपर्यंत म्हणता येतं? सोनोग्राफीच्या यंत्राची गोष्ट

(या भागाचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' बरेच काढलेत, थोडे राहिले असतील. सांभाळून घ्या.)

मागच्या महिन्यात ताईबरोबर वाशीला गेले होते. तिला पाचवा महिना लागलाय आणि या सुमाराला एक मोठी सोनोग्राफी करतात, बाळाचं हृदय, मणका, मेंदू सगळं तपासतात, ती करायची होती. दाजींना सुट्टी नव्हती, म्हणून मी. सानपाड्याहून रिक्षा केली, दहा मिनिटांत पोचलो आणि मग तासभर बाकड्यावर बसलो. समोर ती पाटी. 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. गर्भलिंगनिदान करणे हा कायद्याने गुन्हा आहे.' ही पाटी मी लहानपणापासून इतक्या वेळा पाहिलीय की ती दिसायचीच बंद झाली होती. लोकलमधल्या साखळीसारखी. असते, आपण बघत नाही.

मग काउंटरवरच्या मुलीने एक फॉर्म दिला. फॉर्म एफ. त्यात नाव, वय, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, पत्ता, आणि एक रकाना: हयात अपत्ये किती, मुलगे किती, मुली किती, त्यांची वयं. ताईने लिहिलं, मुलगी एक, वय चार. खाली तिची सही. ती सही कशाखाली होती ते मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट वाचलं. या तपासणीतून मला माझ्या गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही, अशा अर्थाचं ते प्रतिज्ञापत्र असतं. तपासणारे डॉक्टरही वेगळी सही करतात, की मी लिंग शोधलं नाही आणि कोणाला सांगितलंही नाही.

ऐरोलीच्या एका ऑफिसात मी दिवसभर फॉर्मच बनवते. म्हणजे सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण खरं काम तेच: कोणता रकाना सक्तीचा, कोणता नाही, कोणी काय पाहायचं. त्यामुळे सवयीने मनात आलं, हा रकाना इथे कोणी टाकला? का टाकला? आणि या खोलीत असं काय घडलं होतं की एका बाईला बाळाची तपासणी करायच्या आधी 'मी गुन्हा करायला आलेली नाही' असं लिहून द्यावं लागतं?

आजचा भाग त्याबद्दल आहे. आणि माझ्याबद्दलही थोडा, ते पुढे सांगते.

गोष्ट सुरू होते बॉयलरपासून. १९५५ सालचं ग्लासगो. इयन डोनाल्ड नावाचे तिथले प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक. दुसऱ्या महायुद्धात ते हवाई दलात होते, त्यामुळे रडार आणि सोनार या गोष्टी त्यांना नव्या नव्हत्या. जवळच रेनफ्र्यूला बॉयलर बनवणारा एक मोठा कारखाना होता. लोखंडाच्या जाड पत्र्यात किंवा वेल्डिंगमध्ये आत चीर राहिली आहे का हे बघायला तिथे एक यंत्र वापरत. माणसाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या पट्टीतला आवाज धातूत सोडायचा. आत कुठे भेग असेल तर तिथून आवाज परत येतो, आणि तो यायला किती वेळ लागला यावरून भेग किती खोल आहे ते कळतं. साधं तत्त्व आहे. आडात ओरडल्यावर पाणी किती खाली आहे याचा अंदाज येतो, तसंच.

डोनाल्ड यांनी काय केलं, तर ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठी गाडीत घातल्या आणि थेट कारखान्यात नेल्या. काही घट्ट गाठी, काही पाण्याने भरलेल्या. तुलनेसाठी कारखान्यातल्या लोकांनी बीफचा एक मोठा तुकडा आणून ठेवला होता. (हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा डबा बाजूला ठेवला होता.) आणि यंत्राने फरक दाखवला. घट्ट गाठीचा प्रतिध्वनी वेगळा, पाण्याच्या गाठीचा वेगळा.

पुढच्या वर्षी या गोष्टीत टॉम ब्राउन येतो. मला यातला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस हाच. केल्विन अँड ह्यूज या कंपनीतला इंजिनिअर, वय तेवीसच्या आसपास. माझ्यापेक्षा लहान! त्याच्या कानावर आलं की कोणी प्राध्यापक आपल्या कंपनीचं धातू तपासायचं यंत्र माणसांवर वापरतोय. त्याने सरळ फोन केला, जाऊन पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की डोनाल्ड यांच्याकडचं यंत्र या कामाचंच नाही. मग त्याने चांगलं यंत्र मिळवून दिलं आणि पुढे पोटावरून प्रोब फिरवून चित्र उमटवणारा स्कॅनर बनवला. तो कसा, तर रुग्णालयात खाटेवर जेवायला जे सरकतं टेबल असतं, त्या टेबलाचा सांगाडा घेऊन. हाताला येईल ते जोडून यंत्र चालतं करायचं, हे आपल्याकडच्या कुठल्याही मेकॅनिकला कळेल.

त्या दिवसांतली एक केस प्रसिद्ध आहे. एका बाईला पोटाचा कॅन्सर आहे, ऑपरेशनच्या पलीकडे गेलाय, असं निदान झालं होतं. या यंत्राने दाखवलं की ती अंडाशयाची भली मोठी पाण्याची गाठ आहे. ऑपरेशन झालं, बाई वाचली. ७ जून १९५८ ला डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला. आज जगभर जी सोनोग्राफी होते तिची सुरुवात तिथली.

आता मला विचाराल तर या तिघांना दोषी धरणं मूर्खपणा होईल. १९५८ ची ती चित्रं शोधून बघा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ठिपक्यांचा धूर. त्यात मुलगा-मुलगी सोडाच, डोकं कुठे आणि पाय कुठे हेसुद्धा डोनाल्डच सांगू जाणे. शिवाय डोनाल्ड स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन, ब्रिटनमधल्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांचा कडवा विरोध होता आणि त्या विरोधासाठी ते गर्भाची हीच चित्रं दाखवायचे. त्यांच्या यंत्राचा भारतात काय उपयोग होईल हे तेव्हा त्यांना कोणी सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

'माहीत नव्हतं' हे त्यांच्या बाबतीत अगदी खरं आहे. माझा प्रश्न त्यांच्यानंतरच्यांबद्दल आहे.

कारण आपल्याकडे हे प्रकरण सोनोग्राफीने सुरूच झालं नाही. आधी आली गर्भजलपरीक्षा. पोटातून सुई घालून गर्भाभोवतीचं थोडं पाणी काढायचं आणि त्यातल्या पेशी तपासायच्या. ही पद्धत जन्मजात दोष शोधायला होती. दिल्लीच्या एम्समध्ये १९७४-७५ च्या सुमाराला तिचे प्रयोग सुरू झाले आणि लगेच दिसून आलं की पेशींमधून मुलगा-मुलगी कळतं, आणि मुलगी म्हटल्यावर लोक गर्भपात मागतात. १९७८ मध्ये सरकारी संस्थांमध्ये लिंगनिदानासाठी ही परीक्षा करायला बंदी आली. फक्त सरकारी. मग काय होणार होतं? जे व्हायचं तेच झालं, धंदा खासगी दवाखान्यांत गेला. १९७९ मध्ये अमृतसरच्या एका दवाखान्याने तर चक्क जाहिरात केली. मुंबईत लोकलच्या डब्यांत पत्रकं चिकटू लागली. आत्ता थोडे खर्च करा, पुढचा हुंडा वाचवा, अशा अर्थाची. विक्रीची भाषा बघा. ईएमआय विकतात तशी.

म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत, निदान मुंबईत, हे उघड गुपितसुद्धा राहिलं नव्हतं. नुसतंच उघड होतं.

आणि इथे आपल्या महाराष्ट्राचा भाग येतो, ज्याबद्दल शाळेत आम्हाला एक ओळही नव्हती. १९८५-८६ च्या सुमाराला मुंबईत स्त्री संघटना, काही डॉक्टर, काही शास्त्रज्ञ, वकील एकत्र आले आणि गर्भलिंगनिदान आणि लिंगनिवडीविरोधी एक मंच उभा राहिला. यातली बरीच माणसं विज्ञानाच्या बाजूची होती, हे मला महत्त्वाचं वाटतं. रवींद्र रु. पं. यांच्यासारखे औषधनिर्माणशास्त्रातले लोक त्यात होते. 'तंत्रज्ञान वाईट' असं ते म्हणत नव्हते. हे तंत्रज्ञान कोणाच्या हातात, कोणत्या समाजात सोडतोय ते बघा, असं म्हणत होते. त्यांनी मुलींना घेऊन आई-वडिलांचा मोर्चा काढला, पथनाट्यं केली, विधानसभेत प्रश्न विचारायला लावले. सरकार म्हणालं, पुरावा आणा. मग डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांचं सर्वेक्षण केलं. त्यातले ८४ टक्के लिंगनिदानासाठी गर्भजलपरीक्षा करत होते. चौऱ्याऐंशी! आणि ही माहिती डॉक्टरांनी स्वतःच दिलेली होती. लपवण्यासारखं काही आहे असं वाटतच नव्हतं.

१९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशात पहिला. केंद्राचा कायदा १९९४ चा, आणि तो लागू झाला १ जानेवारी १९९६ ला.

ही १९८८ ची तारीख लक्षात ठेवा. कारण माझ्या मते 'माहीत नव्हतं' या वाक्याची मुदत त्या दिवशी संपली. त्यानंतर ज्या कोणी भारतात हे यंत्र बनवलं, विकलं, आणखी छोटं केलं, सुटकेसमध्ये मावेल असं केलं, हप्त्यावर दिलं, त्यांना टॉम ब्राउनसारखं हात वर करता येत नाहीत. एका राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून सांगितलं होतं की इथे या तंत्राचा असा वापर होतोय.

आणि नव्वदचं दशक हेच यंत्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचण्याचं दशक होतं. गर्भजलपरीक्षेला सुई लागते, लॅब लागते, धोका असतो. सोनोग्राफीला जेल लागतं आणि वीज. ० ते ६ वयोगटात दर हजार मुलांमागे मुली किती, हा आकडा महाराष्ट्रात १९९१ च्या जनगणनेत ९४६ होता. २००१ मध्ये ९१३. दहा वर्षांत तेहतीसने खाली. आणि घसरण सगळ्यात जास्त कुठे? ऊस, साखर कारखाने, दूधसंघ, बागायत असलेल्या पट्ट्यात. कोल्हापूर ८३९. शाहू महाराजांचा जिल्हा, जिथे १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं झालं होतं. गरिबीने होतंय, अडाणीपणाने होतंय, हे बोलणंच बंद करणारा आकडा आहे हा. यंत्राचे पैसे ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे ते झालं.

मी कोल्हापूर जिल्ह्यातलीच. जन्म १९९७. दुसरी मुलगी.

गेल्या दिवाळीत आई करंज्या करता करता सहज बोलून गेली. माझ्या वेळी आत्या म्हणाली होती, 'अगं, एकजण सांगतोय म्हणं, बघून यायचं का एकदा?' आजीचं काही म्हणणं नव्हतं, म्हणजे होतंच. बाबा गप्प. ठरलं सुद्धा होतं. मी विचारलं, मग तू नाही म्हणालीस? मला वाटलं होतं आता आई काहीतरी बाणेदार सांगणार. आई म्हणाली, 'नाही कुठलं. उलट्या लागल्या होत्या मला. एस.टी.चा वासच नको व्हायचा. पुढच्या आठवड्यात जाऊया म्हटलं. मग ऊसतोड आली आपली, माणसं नव्हती. राहून गेलं.'

राहून गेलं. इतकंच. मी त्या करंज्या तळत राहिले. काय बोलणार?

हे सांगायचं की नाही यावर मी बरेच दिवस विचार केला. आईला विचारलं, ती म्हणाली सांग, नाव नको घालू कोणाचं. म्हणून सांगितलं.

तर पुन्हा इतिहासाकडे. २००० च्या फेब्रुवारीत मुंबईची सेहत, पुण्याची मासूम या संस्था आणि डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं, कायदा आहे पण कोणी राबवत नाही. या खटल्यातली एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार बोलकी वाटते. यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांना न्यायालयाने विचारलं की तुम्ही यंत्रं कोणाकोणाला विकली त्याची यादी द्या. कंपनीकडे ही यादी असतेच हो! वॉरंटी असते, सर्व्हिसिंग असतं, हप्ते असतात. कुठल्या गावात कुठल्या दवाखान्यात आपलं कोणतं यंत्र आहे हे विक्री विभागाला पाठ असतं. ती माहिती धंद्यासाठी होती, जबाबदारीसाठी नव्हती. २००३ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि नोंदणी नसलेल्या कोणालाही यंत्र विकायचं नाही, विकलं की सरकारला कळवायचं, हे नियमात आलं. यंत्राच्या निर्मात्यावर थोडीफार जबाबदारी टाकली गेली ती इथे, 'लॅन्सेट'च्या लेखानंतर पंचेचाळीस वर्षांनी. आणि तीही निर्मात्यांनी स्वतःहून घेतली नव्हती.

फॉर्म एफसुद्धा याच कायद्याचा. प्रत्येक गरोदर बाईमागे एक. डॉक्टर मंडळी याला वैतागलेली असतात आणि त्यांच्या बाजूने एक गोष्ट बोललीच पाहिजे: फॉर्म अर्धवट राहिला तर तोही कायद्याचा भंगच धरतात. तारीख विसरलेला आणि लिंग सांगणारा, दोघं एकाच कलमाच्या कचाट्यात. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने याविरुद्ध याचिका केली, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचा विचार असा की नोंद हाच या गुन्ह्याचा पुरावा आहे, दुसरा पुरावा मागे राहतच नाही. मला दोन्ही बाजू पटतात. त्यातून मार्ग काय, ते मला सुचलेलं नाही.

आता येते माझ्या जिल्ह्याची गोष्ट, आणि हीच मला सगळ्यात जास्त सांगायची होती. २००९-१० च्या सुमाराला कोल्हापूरचे जिल्हाधिकारी होते लक्ष्मीकांत देशमुख. हो, तेच, लेखक, २०१८ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनी ठरवलं की तंत्रज्ञानाने बिघडवलंय ते तंत्रज्ञानाने सावरू. फॉर्म एफ ऑनलाइन भरायचा, आणि प्रत्येक सोनोग्राफी यंत्राला एक छोटी पेटी जोडायची. नाव 'सायलेंट ऑब्झर्व्हर'. यंत्राच्या पडद्यावर जे जे दिसतं ते पेटीत साठत जातं. पुढे शंका आली तर अधिकाऱ्याने पेटी उघडायची, फॉर्ममध्ये काय लिहिलंय आणि प्रत्यक्षात काय आणि किती वेळ पाहिलं ते ताडून बघायचं.

मी तेव्हा शाळेत होते. पेपरात त्या पेटीचा फोटो आला होता, आणि आमच्या विज्ञानाच्या बाईंनी तो वर्गात दाखवला होता. आपल्या जिल्ह्याने शोध लावला, असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर मी इंजिनिअरिंगला गेले त्यात त्या फोटोचा थोडा हात असावा.

रेडिऑलॉजिस्टांची संघटना याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. रुग्णाच्या खासगीपणाचा भंग होतो, असा एक मुद्दा होता. ऑगस्ट २०११ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. पेटीतली चित्रं बाहेर कुठल्या सर्व्हरवर जात नाहीत, त्या यंत्राशीच राहतात, हे न्यायालयाने लक्षात घेतलं.

आणि उपयोग झाला का? २०११ च्या जनगणनेत राज्याचा आकडा ८९४ वर घसरला, बीडचा ८०७ झाला, पण कोल्हापूरचा ८३९ वरून ८६३ वर चढला. सगळीकडे पेटीला श्रेय दिलं गेलं. मीही बरीच वर्षं देत होते. पण जरा हिशोब करा. २०११ च्या फेब्रुवारीत जी मुलं शून्य ते सहा वर्षांची होती, ती २००४-०५ पासून पुढे जन्मलेली. पेटी आली त्यांच्यातल्या अगदी शेवटच्यांच्या वेळी. आकडा सुधारला तो बराचसा पेटीच्या आधीच. मोहिमा, धाडी, पेपरातल्या बातम्या, भीती, कदाचित थोडी लाज. पेटीने काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. भीती बसवायला ती उपयोगी पडली असेल. पण आकड्याचं श्रेय तिला देणं म्हणजे पाऊस पडून गेल्यावर छत्री उघडणं झालं.

त्याहून मोठी गोष्ट पेटीच्या आराखड्यातच आहे. कायदा म्हणतो, लिंग शब्दांनी, खुणेने किंवा इतर कोणत्याही प्रकारे सांगायचं नाही. गुन्हा घडतो तो बोलण्यात. पेढे आणा की जिलेबी, एवढ्या एका वाक्यात. पेटी बघते पडदा. प्रामाणिक डॉक्टरच्या पडद्यावरही तपासणी करताना सगळं दिसतंच, आणि दुसऱ्याच्याही तेच दिसतं. आणि ज्याला गुन्हाच करायचाय तो पेटी लावलेलं यंत्र कशाला वापरेल? गाडीत टाकून नेता येणारं, नोंदच नसलेलं यंत्र असतंच की. मार्च २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळला ओढ्याकाठी १९ भ्रूणांचे अवशेष सापडले. आमच्या शेजारचा जिल्हा. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, होस्टेलच्या मेसमध्ये टीव्हीवर बातमी चालू होती, आणि पेटीचा फोटो पाहिलेली मी जेवण टाकून उठले.

आणि एक प्रश्न जो स्त्री संघटनांनी तेव्हाच विचारला होता, मला मात्र कळायला पंधरा वर्षं लागली: त्या टेबलावर झोपलेल्या बाईला कोणी विचारलं का? तिच्या पोटाचं चित्र साठवायचं, सरकारी माणसाने ते नंतर उघडायचं, यावर तिचं मत काय? शिवाय गर्भपात हा आपल्याकडे १९७१ च्या कायद्याने अटींसह वैध आहे. तीन महिन्यांच्या आत, स्वतःच्या कारणासाठी गर्भपात मागायला आलेली बाईसुद्धा या पहाऱ्यात अडकते. डॉक्टर घाबरून नाही म्हणतात, आणि ती कुठेतरी धोक्याच्या जागी जाते. पहिलं यंत्र बनवणाऱ्यांना तिला विचारायचं सुचलं नाही, कारण ते गाठी शोधत होते. दुसरं यंत्र तर तिच्याच नावाने बनलं, 'मुलगी वाचवा' म्हणून. तेव्हाही नाही विचारलं. देशमुखांचा हेतू चांगला होता यात मला तिळमात्र शंका नाही. हेतूबद्दल मी बोलतच नाहीये.

हाच प्रकार पुढे इंटरनेटवर झाला. २००८ मध्ये साबू जॉर्ज पुन्हा न्यायालयात गेले, या वेळी सर्च इंजिनांविरुद्ध, कारण लिंगनिवडीच्या जाहिराती तिथे दिसत होत्या. कंपन्यांचा सूर ओळखीचाच: आम्ही फक्त दाखवतो, मजकूर आमचा नाही. शेवटी २०१६ मध्ये काही शब्द शोधल्यास जाहिराती आपोआप अडवायच्या, हे त्यांनी मान्य केलं. आठ वर्षं लागली. शब्दांची यादी करायला एका इंजिनिअरला एक दुपार पुरते.

आता माझ्या ऑफिसचं. नाव सांगत नाही, सांगण्यासारखं मोठंही काही नाही. आम्ही तपासणी केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. अपॉइंटमेंट घ्या, पैसे भरा, रिपोर्ट मोबाइलवर. गेल्या वर्षी मला एक काम आलं: रिपोर्ट तयार झाला की नोंदलेल्या नंबरवर आपोआप व्हॉट्सॲपने जावा. दोन दिवसांचं काम. मी दीड दिवसात केलं आणि खूश झाले.

ते चालू झाल्यावर एकदा टेस्टिंगसाठी एका केंद्रावर बसले होते. आणि बघितलं, बायका नंबर देतात तो स्वतःचा नसतो. नवऱ्याचा असतो, सासऱ्याचा, दिराचा. एक मुलगी आली होती, विशी-बाविशीची, कसलीतरी तपासणी होती, तिच्यासोबत आलेल्या बाईंनी स्वतःचा नंबर दिला. रिपोर्ट कोणाला मिळणार? तपासणी कोणाची? मी परत येऊन मांडलं की, रुग्णाला वेगळं विचारायला हवं, रिपोर्ट कोणाकडे पाठवू, आणि आपोआप पाठवणं आधी बंद ठेवून विचारल्यावरच सुरू करावं. मॅनेजर चांगला माणूस आहे, त्याने नीट ऐकलं. म्हणाला, मुद्दा बरोबर आहे, पण काउंटरवर एक प्रश्न वाढला की रांग वाढते, क्लायंट ओरडतो. आणि तू म्हणतेस तशी उदाहरणं किती असतील? तिकीट टाकून ठेव, बघू.

मी तिकीट टाकलं. प्रायॉरिटी 'लो' लागली. मीच लावली ती, कारण 'हाय' लावली असती तर लगेच मीटिंग झाली असती आणि त्या आठवड्यात मला मीटिंग नको होती. हे प्रामाणिकपणे सांगते. उलट्या होत होत्या म्हणून एस.टी. चुकवण्याच्या जवळपासचंच हे, फक्त उलट्या दिशेने.

तर वाशीच्या त्या केंद्रात ताईचा फॉर्म भरून झाला. सही झाली. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, 'मोबाइल नंबर सांगा, रिपोर्ट येईल त्यावर.' ताईने सवयीने दाजींचा नंबर सांगितला. मी म्हटलं, 'ताई, तुझा दे की.' ती म्हणाली, 'अगं, त्यांचाच असतो सगळीकडे. बँकेत, गॅसला, शाळेत.' मुलगी थांबली होती, मागे सात-आठ जणी होत्या. ताईने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाली, 'बरं, लिहा,' आणि स्वतःचा नंबर सांगायला लागली. मधले चार आकडे तिला आठवेनात. फोन काढून बघून सांगितले.

बाळ छान आहे. हृदय, मणका, सगळं ठीक. सोमवारी ऑफिसला जाऊन मी त्या तिकिटाची प्रायॉरिटी बदलली. मीटिंग येत्या गुरुवारी आहे, काय झालं ते पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगेन.